स्वस्त पाव आणि लांब रांग: दोन जर्मनींतील रोजचे जगणे

दोन देशांच्या राज्यव्यवस्थेची आणि अर्थव्यवस्थेची तुलना करू लागले की एक अडचण लगेच समोर येते. देशांमध्ये फरक केवळ व्यवस्थेचा नसतो. हवामान, भाषा, धर्म, खनिजे, शेजारी, जुनी भांडणे असे सगळेच वेगळे असते, आणि मग एका देशातील माणसाची स्थिती बरी आणि दुसऱ्यातील वाईट का, याचे कारण व्यवस्थेत शोधायचे की इतिहासात, हे ठरवता येत नाही. १९४९ ते १९९० या काळातील पूर्व आणि पश्चिम जर्मनी ही जोडी म्हणूनच इतकी बोलकी आहे. लोक तेच होते, भाषा तीच होती, शिक्षणाची आणि कायद्याची परंपरा एकच होती. कितीतरी कुटुंबांत एक भाऊ पूर्वेतील लाइपझिगला राहिला आणि दुसरा पश्चिमेतील हॅनोव्हरला, आणि पुढची चाळीस वर्षे एक समाजवादी व दुसरा भांडवलशाही व्यवस्थेत जगला.

तरीही दोघांची सुरुवात सारखी नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने आपल्या ताब्यातील पूर्व भागातून युद्धभरपाई वसूल केली; कारखानेच्या कारखाने उकलून नेले आणि अनेक मार्गांवरील रेल्वेचा दुसरा रूळही उखडून नेला. पश्चिमेला याच्या उलट युद्धोत्तर युरोपच्या उभारणीसाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेतून सुमारे १४० कोटी डॉलरची मदत मिळाली, आणि रूर खोऱ्यातील दगडी कोळसा व पोलाद तिच्याच वाट्याला आले. पूर्वेला मुख्यतः तपकिरी कोळशावर भागवावे लागले, जो उष्णता कमी देतो आणि धूर भरपूर सोडतो. दोन्ही देशांच्या राहणीमानातील सगळे अंतर समाजवाद आणि भांडवलशाही यांच्या खात्यावर टाकणे त्यामुळे अन्यायाचे होईल. मात्र त्या अंतरातील बराच मोठा भाग व्यवस्थेतूनच आला, आणि तो कसा आला हे समजून घ्यायचे तर वस्तूंच्या किमतींपासून सुरुवात करणे सर्वात सोपे आहे.

२० जून १९४८ रोजी पश्चिमेकडील भागात नवे चलन, म्हणजे डॉइच मार्क, आले. अर्थव्यवस्थेची सूत्रे तेव्हा लुडविग एरहार्ड यांच्याकडे होती, आणि त्यांनी त्याच सुमारास बहुतेक वस्तूंवरील किंमतनियंत्रण उठवले. दुकानदारांनी दडवून ठेवलेला माल एका रात्रीत दुकानांत मांडला गेला. मात्र किमतीही भराभर चढल्या, आणि १२ नोव्हेंबर १९४८ रोजी महागाईविरुद्ध लक्षावधी कामगारांनी एक दिवसाचा संप केला. पश्चिम जर्मनीची भरभराट पहिल्या दिवसापासून सर्वांना गोड लागली, हा समज त्यामुळे खरा नाही. पुढे वेतने वाढत गेली, १९५७ मध्ये निवृत्तिवेतन चालू वेतनमानाशी जोडले गेले, आजारपणाचा व बेकारीचा विमा भक्कम झाला, आणि बाजारपेठेला सामाजिक सुरक्षेचे कुंपण घालणाऱ्या या व्यवस्थेला ‘सामाजिक बाजारव्यवस्था’ हे नाव रूढ झाले.

पूर्वेकडे किंमत ही सरकारने ठरवायची गोष्ट होती. लहान गोल पाव पाच फेनिगला (फेनिग म्हणजे मार्कचा शंभरावा भाग) मिळे, बर्लिनमधील ट्रामचे तिकीट वीस फेनिगला, आणि हे भाव दशकानुदशके जसेच्या तसे राहिले. घरभाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपासच असे. कोणालाही उपाशी झोपावे लागू नये आणि कोणी बेघर होऊ नये हा त्यामागचा हेतू प्रामाणिक होता, आणि तो बऱ्याच अंशी साध्यही झाला. ज्यांनी १९३० च्या सुमारास जर्मनीतील बेकारी आणि भूक डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना या आश्वासनाचे मोल किती वाटले असेल याची कल्पना आपण करू शकतो.

पण किंमत ही केवळ ग्राहकाच्या खिशातून जाणारी रक्कम नसते. एखादी वस्तू किती दुर्मिळ आहे, ती बनवायला किती खर्च येतो आणि ती जपून वापरावी की नाही, याची खबरही किमतीतून मिळते. पाव इतका स्वस्त झाला की तो पशुखाद्याहून परवडू लागला, तेव्हा माणसे ससे आणि डुकरे पाळून त्यांना पाव खाऊ घालू लागली. आयात केलेल्या गव्हाचा पाव डुकरांच्या पुढे जात होता आणि त्यातील तोटा सरकारी तिजोरी भरत होती. यात कोणाची दुष्ट बुद्धी नव्हती. समोर असलेल्या किमतीला पाहून प्रत्येक जण शहाणपणानेच वागत होता.

घरांच्या बाबतीत हेच अधिक ठळकपणे दिसते, आणि मुंबईच्या वाचकाला ते सांगावेही लागणार नाही. पूर्व जर्मनीतील जुन्या इमारतींची भाडी मुळात १९३६ साली गोठवलेल्या पातळीवरच राहिली होती. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १९४० मधील भाडे प्रमाण मानले, आणि त्यानंतर गिरगाव-लालबागच्या चाळींचे काय झाले हे आपण पाहिले आहे: भाड्यातून डागडुजीचाही खर्च निघेना, मग छप्पर गळू लागले, लाकडी जिने कुजले, आणि तरीही खोली कोणी सोडेना. लाइपझिग, हाले, गोर्लिट्झ येथील जुने वाडे असेच ढासळत गेले. फरक इतकाच की मुंबईत नुकसान सोसणारा घरमालक होता आणि तेथे बहुतांशी सरकारच घरमालक होते. पूर्व जर्मनीचे तेव्हाचे नेते एरिक होनेकर यांच्या सरकारने १९७३ मध्ये मोठी गृहबांधणी योजना हाती घेतली आणि १९९० पर्यंत घरांचा प्रश्न सोडवण्याचे वचन दिले. कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या तयार भिंती जोडून शहरांबाहेर प्रचंड वसाहती उभ्या राहिल्या. आज त्यांना कंटाळवाण्या म्हणणे सोपे आहे, पण कोळशाची शेगडी आणि जिन्यातील सामाईक शौचालय सोडून नळाचे गरम पाणी असलेल्या घरात आलेल्या कुटुंबाला त्या तशा मुळीच वाटत नव्हत्या.

किंमत दाबून ठेवली तरी वस्तूंची टंचाई नाहीशी होत नाही, आणि या सगळ्या विषयाची किल्ली मला त्यातच दिसते. दहा माणसांना हवी असलेली वस्तू तीनच असेल, तर ती कोणाला मिळावी हे कशाने तरी ठरावेच लागते. पश्चिमेत ते प्रामुख्याने पैशाने ठरे. पूर्वेत पैसा जवळपास सर्वांकडे होता, म्हणून ते वेळेने आणि ओळखीने ठरे. त्स्विकाऊ येथे बनणारी ट्राबांट ही दोन-स्ट्रोक इंजिनाची छोटी मोटार या बाबतीत प्रसिद्ध आहे. पोलादी पत्र्याची चणचण होती, म्हणून तिच्या सांगाड्यावरील भाग कापसाच्या टाकाऊ तंतूंना कृत्रिम राळेत दाबून तयार केले जात; टंचाईवर शोधलेला हा उपाय खरोखर कल्पक होता. पण मोटारीसाठी नाव नोंदवल्यावर दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागे. मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली की घरचे लोक नोंदणी करून ठेवत. याचा परिणाम असा होई की जुनी, वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षा महाग विकली जाई, कारण जुनी गाडी आज मिळत होती. आपल्याकडे परवाना-राजच्या काळात स्कूटर किंवा टेलिफोनसाठी नाव नोंदवून ज्यांनी वर्षे काढली, त्यांना यात नवल वाटणार नाही.

ओळखीपाळखीला जर्मन भाषेत ‘ब जीवनसत्त्व’ असे म्हणतात, कारण ओळखींसाठी असलेला जर्मन शब्द याच अक्षराने सुरू होतो. पूर्व जर्मनीत हे जीवनसत्त्व रोज लागे. फरशा बसवणारा, मोटार दुरुस्त करणारा, मांसाच्या दुकानातील विक्रेती यांच्याशी संबंध असणे हे बँकेतील ठेवीपेक्षा मोलाचे होते. शेजारधर्म आणि परस्परांना मदत करण्याची सवय यातून बळकट झाली, असे तेथील अनेक जण आजही सांगतात, आणि ते खोटे मानण्याचे कारण नाही. पण जो एकटा होता किंवा ज्याच्याकडे बदल्यात देण्यासारखे काही नव्हते, त्याच्यासाठी ही व्यवस्था कठोर होती. त्यात इंटरशॉप नावाची दुकाने आली, जेथे केवळ पाश्चात्त्य चलन चाले. १९७४ पासून नागरिकांना असे चलन बाळगण्याची मुभा मिळाली, आणि पश्चिमेत ज्याची मावशी किंवा काका आहे तो एका वर्गाचा व ज्याचे कोणी नाही तो दुसऱ्या वर्गाचा झाला. समतेच्या नावाने चालणाऱ्या राज्यात माणसाची ऐपत त्याच्या नातेवाइकांच्या पत्त्यावर ठरू लागली.

कॉफीची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये हिमकडाका पडून कॉफीचे मळे करपले आणि जगभर भाव भडकले. पश्चिमेत कॉफी महाग झाली. लोकांनी कुरकुर केली आणि जास्त पैसे मोजले. पूर्वेत भाव वाढवणे राजकीयदृष्ट्या अवघड होते आणि आयातीसाठी लागणारे परकीय चलन अपुरे होते, म्हणून १९७७ मध्ये सरकारने निम्मी कॉफी आणि निम्मे चिकोरी, राय हे धान्य, वाटाणे वगैरेंचे मिश्रण बाजारात आणले. कॉफी हा तेथील लोकांचा जिव्हाळ्याचा विषय असल्याने त्यावर तक्रारींचा पाऊस पडला आणि सरकारला ते मिश्रण मागे घ्यावे लागले. पुढे १९८० मध्ये व्हिएतनामशी करार करून तेथील डोंगराळ भागात कॉफीचे मळे वाढवण्यास पूर्व जर्मनीने यंत्रसामग्री आणि तज्ज्ञ पुरवले. झाडे लावून पीक हाती येण्यास वर्षे लागतात; ते भरघोस येऊ लागले तोवर पूर्व जर्मनी हा देशच उरला नव्हता, आणि व्हिएतनाम मात्र आज जगातील दुसऱ्या क्रमांकाचा कॉफी उत्पादक आहे.

स्त्रियांच्या जगण्याकडे पाहिले की तुलनेचा तराजू दुसरीकडे झुकतो, आणि हा भाग घाईने ओलांडून जाण्यासारखा नाही. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायद्याचे शब्दच असे होते की पत्नीने नोकरी करावी, पण ती संसारातील कर्तव्यांशी सुसंगत असेल तरच. शाळा दुपारीच सुटत, तीन वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर क्वचितच मिळे, आणि नोकरी करणाऱ्या आईकडे समाज संशयाने पाही. पूर्वेत १९८९ पर्यंत कामाच्या वयातील जवळपास नव्वद टक्के स्त्रिया नोकरीत किंवा शिक्षणात होत्या, पाळणाघरे जवळजवळ सर्वत्र आणि नाममात्र दरात होती, आणि क्रेन चालवणारी किंवा अभियंता असलेली बाई ही अपवादाची गोष्ट नव्हती. याला कामगारांच्या टंचाईचेही कारण होते, केवळ तत्त्वनिष्ठेचे नव्हे; पण ज्या स्त्रीला स्वतःच्या पगारावर उभे राहता आले आणि नकोसा संसार सोडता आला, तिच्या दृष्टीने कारण दुय्यम होते. मात्र नोकरीवरून परतल्यावर रांगेत उभे राहणे, स्वयंपाक आणि कपडे धुणे तिच्याच वाट्याला होते. महिन्यातून एक दिवस घरकामासाठी पगारी सुट्टी मिळे आणि ती प्रामुख्याने स्त्रियांनाच मिळे, यावरून घरकाम कोणाचे मानले जात होते ते कळते. होनेकर यांच्या कारकिर्दीत सत्ताधारी पक्षाच्या सर्वोच्च मंडळाची पूर्ण सदस्य एकही स्त्री झाली नाही.

गर्भपाताच्या कायद्यात दोन्ही राज्यपद्धती समोरासमोर दिसतात. पूर्वेत १९७२ साली पहिल्या बारा आठवड्यांत गर्भपाताचा निर्णय स्त्रीकडे देणारा कायदा झाला. त्यावर सार्वजनिक चर्चा झाली नाही. एरवी एकमुखाने हात वर करणाऱ्या संसदेत या एका प्रसंगी १४ विरोधी मते पडली, हीच त्या काळी बातमी होती. पश्चिमेत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, वर्तमानपत्रांत वाद झडले, १९७४ मध्ये संसदेने तसाच कायदा अल्प बहुमताने केला, आणि १९७५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो रद्द ठरवला. म्हणजे जिथे लोकांना बोलण्याचा अधिकार नव्हता तिथे हक्क आधी मिळाला, आणि जिथे सर्वांना बोलता येत होते तिथे तो अडला. लोकशाहीवर माझा विश्वास आहे, आणि म्हणूनच ही गोष्ट लपवू नये असे मला वाटते.

तथापि हक्क मिळणे आणि हक्क मागता येणे यांत अंतर आहे. पूर्व जर्मनीत सरकारी निर्णयाविरुद्ध दाद मागण्याची प्रशासकीय न्यायालये १९५२ मध्येच बंद झाली होती. त्याऐवजी नागरिकाने अर्ज लिहायचा. १९७५ च्या कायद्यानुसार त्याला चार आठवड्यांत उत्तर मिळणे बंधनकारक होते. घर, मोटार, प्रवासाची परवानगी यांसाठी लोक असे असंख्य अर्ज करत आणि त्यांतून कामे होतही. मतदानाला येणार नाही अशी धमकी देऊन घर पदरात पाडून घेणारेही होते, कारण शंभर टक्क्यांच्या जवळपास मतदान दाखवणे स्थानिक अधिकाऱ्यांना आवश्यक होते. निवडणुकीत उमेदवारांची एकच यादी असे. मतपत्रिका घ्यायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची, म्हणून लोक मतदानाला ‘घडी घालायला जाणे’ म्हणत. पडद्याआड जाऊन खूण करणाऱ्याकडे लक्ष ठेवले जाई. ७ मे १९८९ च्या स्थानिक निवडणुकीत काही नागरिकांनी मतमोजणीच्या वेळी हजर राहून विरोधी मते स्वतः मोजली. सरकारने ९८.८५ टक्के पाठिंबा जाहीर केला, तेव्हा तो आकडा खोटा आहे हे त्यांना पुराव्यासह माहीत होते. त्या वर्षीच्या उठावाची एक ठिणगी तेथे पडली.

राज्यसुरक्षा मंत्रालय, म्हणजे श्टाझी, यात १९८९ मध्ये सुमारे ९१,००० पूर्णवेळ कर्मचारी होते. १ कोटी ६४ लाख लोकसंख्येत दर १८० माणसांमागे एक. शिवाय दीड लाखाहून अधिक खबरे होते, आणि ते सहकारी, मित्र, प्रसंगी जोडीदारही असत. पश्चिमेत १९८३ साली सरकारने जनगणना ठरवली, तेव्हा तिच्यातील प्रश्नांना नागरिकांनी आक्षेप घेतला आणि घटनात्मक न्यायालयाने आपली माहिती कोणाला द्यावी हे ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला; जनगणना १९८७ पर्यंत लांबली. पश्चिमही निर्दोष नव्हती. १९५६ मध्ये तेथे कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, १९७२ पासून डाव्या विचारांच्या शिक्षकांची, अगदी पोस्टमनचीही, सरकारी नोकरीसाठी छाननी झाली, आणि नाझी राजवटीत काम केलेले कितीतरी अधिकारी व न्यायाधीश पुन्हा आपल्या खुर्च्यांवर बसले. पण या गोष्टी तेथील वर्तमानपत्रांत छापून आल्या आणि त्यांवर लोक आपसांत व न्यायालयात भांडले.

देश सोडून जाता येणे हा फरक मला सर्वात निर्णायक वाटतो. १९४९ ते १९६१ या काळात सुमारे २७ लाख लोक पूर्वेकडून पश्चिमेकडे गेले. त्यांत डॉक्टर, अभियंते, तरुण कामगार मोठ्या संख्येने होते. १३ ऑगस्ट १९६१ रोजी पूर्व आणि पश्चिम बर्लिनमधील हद्द बंद झाली आणि भिंत उभी राहिली. त्या भिंतीपाशी किमान १४० जणांचा जीव गेला. पश्चिमेकडील कारखान्यांना मिळणारे पूर्वेकडील मनुष्यबळ आटले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगारभरतीचा करार केला. ‘पाहुणे कामगार’ म्हणून आणलेल्या त्या माणसांना आपले म्हणायला पश्चिमेने फार उशीर लावला, हा तिच्या भरभराटीवरचा डाग आहे. पूर्वेने १९६४ पासून वृद्धांना पश्चिमेत नातेवाइकांकडे जाण्याची परवानगी दिली. ते परत आले नाहीत तरी राज्याचे निवृत्तिवेतन वाचणार होते. आणि १९६३ ते १९८९ दरम्यान पश्चिम जर्मनीने पैसे मोजून तेहतीस हजारांहून अधिक राजकीय कैद्यांची पूर्वेच्या तुरुंगांतून सुटका करून घेतली. ज्या राज्याला परकीय चलनासाठी आपली माणसे विकावी लागतात, त्याच्या स्वस्त पावाचा हिशेब या व्यवहारासह मांडावा लागतो.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत उघडली. १ जुलै १९९० रोजी पूर्वेत डॉइच मार्क आले. पगार आणि भाडी एकास एक दराने बदलली, प्रौढ व्यक्तीच्या ४,००० मार्कांपर्यंतच्या बचतीलाही तोच दर मिळाला. बचत वाचली म्हणून लोक आनंदले, आणि त्याच दराने त्यांचे कारखाने बुडाले, कारण पगार आता खऱ्या मार्कांत द्यायचे होते आणि माल घेणारे पूर्व युरोपातील जुने ग्राहक तेवढे पैसे देऊ शकत नव्हते. सरकारी मालमत्तेची विल्हेवाट लावणाऱ्या ट्रॉयहांट या संस्थेकडे सुमारे ८,५०० उद्योग आणि त्यांतील ४० लाख नोकऱ्या आल्या होत्या, आणि काही वर्षांत त्यांतील बहुतेक नोकऱ्या गेल्या. दुकाने भरली, रांगा संपल्या, कोठेही प्रवास करता येऊ लागला, आणि चाळिशीतील गिरणी कामगार बाईला आयुष्यात प्रथमच बेकारी कार्यालयाच्या दारात उभे राहावे लागले. १९९२ च्या जानेवारीपासून श्टाझीच्या कागदपत्रांतील स्वतःची फाइल वाचण्याचा अधिकार मिळाला, आणि आपल्यावर पाळत कोण ठेवत होते हे अनेकांना त्याच वर्षांत कळले.

त्या उलथापालथीत पूर्वेकडील जन्मदर इतका घसरला की १९९४ मध्ये दर स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण ०.७७ पर्यंत आले, आणि शांततेच्या काळात इतका खालचा आकडा क्वचितच नोंदला गेला आहे. तो पुढे हळूहळू सावरला. पाळणाघरांची सवय मात्र तेथील स्त्रियांनी सोडली नाही. पूर्वेकडील राज्यांत तीन वर्षांखालील मुले पाळणाघरात जाण्याचे प्रमाण आजही पश्चिमेपेक्षा ठळकपणे जास्त आहे, आणि १ ऑगस्ट २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलासाठी अशी जागा मागण्याचा कायदेशीर हक्क साऱ्या जर्मनीतील पालकांना मिळाला आहे. जागा मिळाली नाही तर ते न्यायालयात जाऊ शकतात.